खारेपाटातला रस्ता आणि दोन नळ्यांचं गणित

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांना माहीत आहे की यावेळी मागे वाऱ्याचा घोंगाट खूप होता. रेकॉर्डिंग बांधावर उभं राहून केलं होतं, त्यामुळे माइक बिचारा हरला. म्हणून हा लेखी उतारा थोडा साफ करून, आकडे परत तपासून टाकतोय.

विषय आहे रस्ता. म्हणजे हायवे, समृद्धी वगैरे नाही. गावात जाणारा, एका वेळी एकच टेम्पो जाईल एवढा रस्ता. आणि तोही चिखलातून.

माझ्या मामाचं गाव खारेपाटात आहे, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात. ज्यांना खारेपाट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. खाडीच्या बाजूला मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. बांधाबाहेर भरतीचं खारं पाणी आणि तिवरं, आत भातशेती. पावसाचं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन टाकतं, म्हणून आत भात पिकतो. साचलेलं पाणी बाहेर जायला बांधात दार असतं, त्याला म्हणतात उघाडी. ओहोटीला ते दार आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप बंद होतं. ना सेन्सर, ना मोटर. गोव्यात खाजण जमिनीत असंच असतं, तिथे त्याला मानस म्हणतात. मी रोज कोड लिहितो, पण एवढा साधा आणि इतकी वर्षं न पडलेला लॉजिक गेट मी दुसरा पाहिलेला नाही.

आता आधीच क्लिअर करतो, मी रस्त्याच्या विरोधात नाही. शाळेत असताना एका जुलैमध्ये आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी अडीच किलोमीटर बांधावरून नेलेलं मी पाहिलंय. चिखल गुडघ्यापर्यंत, वरून धो-धो पाऊस. त्यामुळे 'पर्यावरण वाचवा, रस्ता नको' असं शहरातून सांगणाऱ्याला मामी चहासुद्धा देणार नाही.

तर रस्ता झाला. शेताच्या मधून सरळ भराव, खाली एक मीटर व्यासाच्या सिमेंटच्या दोन नळ्या. नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या जुलैमध्ये रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं आणि अकरा दिवस हललं नाही. लावणी कुजली. खालच्या अंगाला मामाचं जिताड्याचं तळं होतं, त्यात तांबडं पाणी शिरलं आणि मासे पोट वर करून तरंगले. आता त्याच रस्त्याचा पुढचा तुकडा व्हायचाय. मामा फोनवर म्हणाले, "तू इंजिनिअर ना रे? ग्रामसभेत ये, बोल काहीतरी." म्हटलं, मामा, मी सॉफ्टवेअरवाला. ते म्हणाले, "म्हणजे हिशोब येतो ना?"

म्हणून हिशोब केला.

रस्त्याच्या वरच्या अंगाला साधारण ४० हेक्टर जमीन आहे, असं धरा. कोकणात जुलैमध्ये एका दिवसात १५० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नसते. ४० हेक्टर म्हणजे ४ लाख चौरस मीटर, गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे ६०,००० घनमीटर पाणी. हे सगळं त्या दोन नळ्यांतून जाऊन पुढे उघाडीतून बाहेर पडायचंय. पण उघाडी उघडते ओहोटीला. दिवसात दोन ओहोट्या, मिळून समजा १० तास. ३६,००० सेकंद. भागाकार केला की येतं सेकंदाला सुमारे १.७ घनमीटर.

दोन नळ्यांचं तोंड मिळून १.५७ चौरस मीटर. म्हणजे पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या जरा वर. हा वेग यायला वरच्या आणि खालच्या पाण्यात साधारण १० सेंटिमीटरचा फरक लागतो. तेवढा चालून जातो. कागदावर डिझाइन पास!

पण नळी कागदावर नसते, शेतात असते. पहिल्याच पावसात तिच्यात गाळ बसतो, पेंढा अडकतो, जलपर्णी येते. नळी अर्धी बुजली की तेवढंच पाणी न्यायला वेग दुप्पट लागतो. आणि वेग दुप्पट व्हायचा तर उंचीचा फरक चौपट लागतो, कारण उंची वेगाच्या वर्गावर चालते. १० चे ४० सेंटिमीटर. खारेपाट इतका सपाट की ४० सेंटिमीटर म्हणजे तिथला डोंगरच. पाणी तेवढं चढेपर्यंत वरची सगळी कोवळी रोपं पाण्याखाली गेलेली असतात. आणि पलीकडे नळीतून सेकंदाला दोन मीटरने सुटलेलं पाणी तोंडाशी खड्डा पाडतं, तो गाळ जातो थेट तळ्यात. एकाच चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागली.

मूळ गोष्ट अशी की रस्ता नव्हता तेव्हा पाणी 'वाहत' नव्हतंच. चारशे मीटर रुंदीवर चादरीसारखं पसरून सरकत होतं. आपण ती चादर घेतली आणि दोन भोकांतून ओढायला लागलो. अशा जमिनीत एकाच ठिकाणी मोठी मोरी घालण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर अनेक मोऱ्या बऱ्या. त्यातही गोल नळीपेक्षा चौकोनी मोरी, तळ जमिनीच्या पातळीपेक्षा जरा खाली, म्हणजे मोरीच्या आत पण चिखलच असेल आणि मासा, चिंबोरी, निवटी आरामात ये-जा करतील. नळीचं तोंड जमिनीच्या वर राहिलं तर माशासाठी ती भिंतच.

आणखी एक युक्ती वाचली, मला फार आवडली. भरावाच्या खाली मोठ्या दगडांचा थर, आणि तो कापडात गुंडाळलेला. कापड म्हणजे जिओटेक्स्टाइल, पाणी जाऊ देतं, माती अडवतं. त्याला फ्रेंच मॅट्रेस म्हणतात. दगडी गादीच ती. दगडांच्या फटींतून पाणी पूर्ण रुंदीवर पाझरत राहतं. संथ झिरपणाऱ्या पाण्याला हे मस्त. मोठ्या पावसाच्या लोंढ्याला मोऱ्या लागणारच, गादी त्यांच्या जोडीला.

आता तांबड्या पाण्याकडे येऊ. ग्रामसभेत एक काका म्हणाले, "माती काय, दोन दिवसांत खाली बसते." बसते, पण कुठली? वाळूचा ०.१ मिलिमीटरचा कण एक मीटर खाली जायला दोन मिनिटंही घेत नाही. पण चिकणमातीचा २ मायक्रॉनचा कण घ्या. स्टोक्सच्या सूत्राने तो स्थिर पाण्यात एक मीटर जायला तीन दिवसांहून जास्त घेतो. कण ५० पट लहान, वेळ २,५०० पट. खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि लवकर बसतात, पण जुलैमध्ये तळ्यात असतं गोडं पाणी. म्हणजे कडेला गाळ धरायचा खड्डा खणला की काम झालं असं नाही. खड्डा वाळू पकडतो. माशाच्या कल्ल्यात अडकणारी बारीक माती पुढे निघून जाते. ती थांबवायची तर मुळात सुटूच द्यायची नाही: भरावाचं काम मे अखेर संपवायचं, उताराला गवत किंवा काथ्याची जाळी पावसाआधी लावायची, मुरमाचे ढीग उघडे ठेवायचे नाहीत. काथ्याचं जिओटेक्स्टाइल प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांतही २०२० पासून मान्य आहे. म्हणजे ही काही परदेशी चैन नाही.

सिमेंटबद्दल एकच वाक्य: मिक्सर धुतलेलं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की तळ्यात सोडलं तर मासे मरतात, त्यामुळे मिक्सर आणि डिझेलचा पिंप दोन्ही पाण्यापासून लांब.

पण सगळ्यात डेंजर गोष्ट मला शेवटी कळली. भरावाला माती कुठून आणतात? स्वस्त पडतं म्हणून रस्त्याच्या कडेलाच चर मारतात. खाडीकाठचा तो काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल तुम्ही पाहिला असेल. त्यात लोह आणि गंधक यांचं संयुग असतं, पायराइट. पाण्याखाली असेपर्यंत ते झोपलेलं असतं. बाहेर काढून वाळवलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची रिअ‍ॅक्शन होते आणि तयार होतं सल्फ्युरिक आम्ल. हो, तेच शाळेच्या लॅबमधलं. उन्हाळाभर ते भरावात साठतं आणि जूनच्या पहिल्या पावसात एकदम उतरतं. पाण्याचा सामू ४ च्या खाली जाऊ शकतो. आणि कडेला गंजासारखी तांबूस साय येते.

इथे मी थांबलो. मामाच्या तळ्यातलं तांबडं पाणी मुरमाचं होतं की ह्याचं? त्या वेळी कुणी सामू मोजला नाही, त्यामुळे कंत्राटदाराकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. पण पुढच्या तुकड्यासाठी तपासता येतं. चिमूटभर काळ्या चिखलावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं. जोरात फसफसलं आणि सामू धाडकन खाली आला, तर त्या जागी खणायचं नाही. माती बाहेरून आणायची. महाग पडते, हे खरंच.

आणि ती किती लागते? माथ्याला साडेसात मीटर रुंद, दीड मीटर उंच, दोन्ही बाजूंना एकास दोन उतार धरला तर एका किलोमीटरला सुमारे १५,७५० घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरच्या दीड हजाराहून जास्त खेपा. म्हणून उंची वाढवण्याचा मोह टाळायचा, आणि त्याला दुसरंही कारण आहे. दीड मीटर मुरूम म्हणजे चौरस मीटरला जवळपास ३ टन. अगदी मऊ चिकणमाती साधारण ५ टनांना हार मानते, भराव खचतो आणि कडेचा चिखल फुगून वर येतो. त्याआधीसुद्धा माती हळूहळू दबतच असते, कारण तिच्यातलं पाणी पिळून निघत असतं. कार्ल टेर्झागी यांनी १९२५ मध्ये याचं गणित मांडलं: चिखलाचा थर दुप्पट जाड असेल तर दबायला चौपट वेळ. आपण काय करतो? खचला की वर आणखी मुरूम टाकतो. वजन वाढतं, आणखी खचतो. इनफिनिट लूप. त्यापेक्षा खाली कापड अंथरून, भराव कमी उंचीच्या थरांत घालून, मध्ये काही महिने थांबणं शहाणपणाचं. पण मार्चएन्डला बिल काढायचं असेल तर कोण थांबणार?

कायद्याचं थोडक्यात. २०१७ च्या पाणथळ नियमांत भातशेती पाणथळ धरलेली नाही, त्यामुळे आमचं शेत कागदावर 'कोरडं' आहे. पण पुढचा तुकडा तिवरांजवळून जातो, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनं आणि त्यांच्याभोवतीचे ५० मीटर संरक्षित आहेत. सार्वजनिक कामालासुद्धा तिथे न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ग्रामसभेत हे सांगितल्यावर अर्धा हॉल माझ्यावर चिडला, "म्हणजे रस्ता अडकवतोस का?" बरोबर आहे त्यांचं. मी परत पुण्याला जाणार, खुर्चीतून आजीला नेणार ते.

म्हणून मी मागणी लहान ठेवली. दोन नळ्यांऐवजी सहा चौकोनी मोऱ्या. चर मारायच्या आधी पेरॉक्साइडची चाचणी, सगळ्यांसमोर. भराव मेअखेर. आणि मोऱ्या दर वर्षी जूनआधी साफ करायचं काम अंदाजपत्रकातच लिहिलेलं. साहेबांनी लिहून घेतलं. सहा मोऱ्या 'बघू' म्हणाले, चाचणीला हो म्हणाले.

मामांनी दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांबू ठोकले, वर दर पाच सेंटिमीटरला ऑइलपेंटची रेघ. आता उधाणाच्या दिवशी आणि मोठ्या पावसात ते दोन्हीकडची पातळी मोबाइलवर फोटो काढून मला पाठवतात. कालच्या फोटोत फरक होता १५ सेंटिमीटर. शीट मी बनवलीय, लिंक एपिसोडच्या खाली आहे. तुमच्या गावात असा रस्ता असेल तर दोन बांबू ठोका आणि तुमचेही आकडे पाठवा.