न दिसणाऱ्या श्वापदाचें भय

भयपटांचा खरा शौकीन आगामी चित्रपटाची वार्ता मोठ्या आतुरतेनें वाचतो. पण जाहिरातींतच राक्षसाचें मुख दाखविलेलें पाहिलें म्हणजे तो हिरमुसतो. या तक्रारींत तथ्य किती, हें पाहावयाचें तर १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या अमेरिकन बोलपटाकडे वळावें.

आर. के. ओ. कंपनीनें निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या हातीं आधीं नुसतें नांव ठेवलें. कथा मागाहून रचावयाची होती. पैसाहि बेताचाच. तेव्हां ल्यूटन व दिग्दर्शक जाक तूर्नर यांनीं श्वापद बहुतांशीं अंधारांतच ठेवलें. एक तरुणी रात्रीं एकटी रस्त्यानें चालली आहे. मागून कोणाचीं तरी पावलें ऐकूं येतात, आणि एकाएकीं थांबतात. ती धांवूं लागते. इतक्यांत फिस्कारल्यासारखा कर्कश आवाज होतो, प्रेक्षक दचकतो, आणि समोर येऊन उभी राहते ती साधी बस! पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगांत तर भिंतीवर हलणाऱ्या सावल्या, पाण्याचे तरंग आणि एक गुरगुर, एवढीच काय ती सामग्री. एका प्रसंगांत मात्र कंपनीच्या आग्रहास्तव खरा काळा बिबळ्या घालावा लागला. तोच प्रसंग त्यामानानें फिका वाटतो.

१९८२ सालीं पॉल श्रेडर यानें याच नांवाचा रंगीत चित्रपट काढला. त्यांत मानवाचें श्वापदांत होणारें रूपांतर डोळ्यांदेखत घडतें. कारागिरी वाखाणण्याजोगी खरी. परंतु बसच्या त्या आवाजाची सर तिला येत नाहीं.