मेंदूतील फुगवटा आणि चांदीचा चिमटा

हृदयातून निघालेले रक्त शरीरभर पोचविणाऱ्या नलिकांना रोहिणी म्हणतात. मेंदूच्या तळाशी अशा रोहिण्यांचे एक कडेच असते. सायकलीच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरू लागले, म्हणजे जेथे रबर झिजलेले असेल तेथे फुगवटा येतो. रोहिणीची भित्ती एखाद्या ठिकाणी दुर्बळ झाली, तर रक्ताच्या दाबाने तेथेही तसेच घडते. हा फुगवटा बहुधा वाटाण्याहून मोठा नसतो, आणि पुष्कळांना तो जन्मभर त्रासही देत नाही. परंतु तो फुटला, की रक्त मेंदूभोवती पसरते व जीव धोक्यात येतो.

मग तो कापून का टाकू नये? ज्या रोहिणीवर तो आलेला असतो, तिच्यावरच मेंदूचा एखादा भाग जगत असतो. तिचा प्रवाह थांबला, तर वाचा जाईल किंवा हातपाय लुळे पडतील. फुगवटा बंद करावयाचा, प्रवाह मात्र चालू ठेवावयाचा; शस्त्रवैद्याची खरी कसोटी ती हीच.

१९३१ साली एडिंबरो येथे नॉर्मन डॉट यांनी असा फुगवटा उघडा केला, तोच तो फुटला. डॉट यांनी रोग्याच्याच पायातील स्नायूचा तुकडा त्या जागी लावला आणि १२ मिनिटे हात न हलविता दाबून धरला. रक्त थांबले, रोगी वाचला. पुढे १९३७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी वॉल्टर डँडी यांनी अधिक नेमका उपाय केला. अशा फुगवट्याला बहुधा देठासारखी बारीक मान असते. डँडी यांनी त्या मानेवरच चांदीचा इवलासा चिमटा बसविला. आज चांदीची जागा टायटॅनियमने घेतली आहे. शिवाय १९९० पासून मांडीतील रोहिणीतून बारीक नळी नेऊन, कवटी न उघडताच, फुगवट्यात प्लॅटिनमची तार भरता येऊ लागली.

तथापि काही विरळा फुगवट्यांना मानच नसते. रोहिणीच चातीसारखी मध्ये फुगलेली असते. काही तर २५ मिलिमीटरहूनही मोठे होतात. तेथे चिमटा बसावा कोठे? पाटाचा बांध खचला, की शेतकरी आधी बाजूने दुसरी चारी काढतो. येथेही तोच मार्ग. रक्त कमी पडणाऱ्या मेंदूसाठी झुरिक येथे १९६७ साली यासार्गिल यांनी डोक्याच्या त्वचेतील रोहिणी कवटीच्या छिद्रातून आत नेऊन मेंदूतील रोहिणीस जोडली होती. तीच युक्ती पुढे अशा फुगवट्यांसाठी कामी आली. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक दोऱ्याने हे टाके घालतात. तोवर मेंदूतील ती रोहिणी तात्पुरती चिमटून ठेवलेली असते. म्हणून हाताला घाईही चालत नाही आणि विसावाही नाही. मग तात्पुरते चिमटे काढून पाहावयाचे. नव्या वाटेने रक्त नीट वाहू लागले, तरच फुगलेला भाग कायमचा बंद करतात.