कळा सुरू झाल्या, आता पुढं काय?

पहिलटकरणीला सगळे सांगतात, काय खायचं, काय नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यात का बसायचं नाही. पण कळा म्हणजे नेमकं काय होतं आणि दवाखान्याच्या त्या खोलीत काय घडतं, हे तिला कुणी सांगत नाही. आई म्हणते, "होतं गं सगळ्यांचं." तेवढ्यावर पोरगी गाडीत बसते. भोर आणि वेल्ह्याच्या वस्त्यांतल्या अशा लेकी-सुनांसाठी हे पान आम्ही या वेळी बाळंतपणाला दिलं आहे. सासूबाईंनी आणि नवऱ्यानंही वाचावं, कारण गाडी बोलवायची ती त्यांनीच.

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपानं आलं. महारवाड्यातलं पहिलं बाळंतपण कसं असे, ते त्यात आहे. कोवळ्या वयाची पोर, भोवती बायकांचा गराडा, बाळ कुठवर आलं ते बघायला एकीमागून एकीचा हात आत. त्यातून सुटली तर पुढं भूक, कारण बाळंतिणीला द्यायला घरात घासभर अन्न नसे. त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि दवाखान्याचं दार त्यांच्यासाठी उघडं नव्हतं. रमाईंनी चार लेकरं गमावली, हे आपण दर जयंतीला ऐकतो. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाची बाजू मांडली आणि बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे असं सांगितलं. पुढच्या वर्षी तो कायदा झाला.

आता कळांबद्दल. शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखं घट्ट होतं आणि सुटतं. पडून राहिलं, पाणी प्यायलं की थांबतं. या खोट्या कळा. खरी कळ बहुधा कमरेतून उठते, पोटाकडं येते आणि विश्रांती घेतली तरी थांबत नाही. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. अंगावरून चिकट, किंचित रक्ताळ स्राव गेला तर गर्भाशयाचं तोंड मऊ होऊन उघडायला लागलं असं समजावं. घड्याळ लावून बघा. कळ पाच-पाच मिनिटांनी येते, जवळपास मिनिटभर टिकते आणि तासभर असंच चालू आहे, तर निघायची वेळ झाली. हा हिशेब मात्र शहरातल्या बाईचा. पानशेतच्या पाणलोटापलीकडं किंवा भोरच्या पश्चिमेला हिर्डोशीच्या बाजूला राहणाऱ्या बाईनं पाच मिनिटांची वाट बघू नये. पावसाळ्यात तर नाहीच. दरड आली की रस्ता बंद, ओढ्याला पाणी आलं की वस्ती तुटली. कळा नियमित झाल्या की निघा. पहिल्या खेपेला तोंड पूर्ण उघडायला बारा तास आणि त्याहून जास्तही लागू शकतात, म्हणून लवकर पोचल्यानं काही बिघडत नाही. तारीख पावसाळ्यातली असेल तर आठ-दहा दिवस आधी रस्त्याजवळच्या नातेवाइकांकडं जाऊन राहणं आम्हाला सर्वात शहाणपणाचं वाटतं.

काही वेळा कळांचीही वाट बघायची नाही. पाणी गेलं, आणि ते हिरवट किंवा काळपट असेल तर जास्तच घाई, कारण बाळानं आत शी केलेली असते. रक्त जायला लागलं. बाळाची हालचाल मंदावली. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, तोंड-हात सुजले, झटका आला. यात देवर्षी नको, अंगारा नको. 102 किंवा 108 लावा. गाडी येईपर्यंत आशाताईंना कळवा, त्या पुढं दवाखान्यात फोन करतात.

आणखी एक, आणि हे कळकळीनं सांगतो. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणाकडूनही घेऊ नका, ओळखीचा डॉक्टर असला तरी. ते औषध दवाखान्यात सलाईनमधून थेंबाथेंबानं, बाळाचे ठोके मोजत देतात. घरी एकदम टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं.

वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे, भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे. अडलं तर पुण्याला ससूनला पाठवतात. भोरपासून ते अंतर सुमारे 50 किलोमीटर. पाठवतात म्हणजे हाकलतात असं नाही. पण चिठ्ठी लेखी घ्या आणि सरकारी गाडीनंच जा. ती फुकट आहे.

दवाखान्यात गेल्यावर नर्सताई नाडी, रक्तदाब, बाळाचे ठोके बघतात आणि हातमोजे घालून आतून तपासतात. तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते त्यातून कळतं. दहा झाले की बाळ बाहेर यायला वाट मोकळी. सगळं ठीक चाललं असेल तर ही तपासणी चार तासांनी एकदा पुरते. बेबीताईंनी लिहिलेल्या त्या हातांत आणि या हातात एवढा फरक आहे. मधल्या वेळात खाटेवर पडूनच राहायला हवं असं नाही. चाला, बसा, कुशीवर वळा, पाणी प्या, थोडी पेज घ्या. डॉक्टरांनी मनाई केली असेल तरच थांबा. सोबतीला आई, बहीण, जाऊ असावी. केंद्र सरकारनं 2016 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला बाईच्या विश्वासातली एक बाई सोबत ठेवायला मुभा दिली आहे. हात धरणारं माणूस जवळ असलं की कळा सोसवतात, हे आमच्या आयांना माहीत होतं आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते.

तोंड पूर्ण उघडण्याआधी कुणी "जोर लाव" म्हटलं तरी लावू नका. दम जातो आणि आतली जागा सुजते. लांब श्वास घ्या. खाली दाबल्यासारखं होऊन जोर आपोआप येऊ लागला की कळेबरोबर जोर, कळ गेली की विश्रांती. पहिल्या बाळाला यात दोन-तीन तास जाऊ शकतात. वरून पोट दाबून बाळ ढकलणं चुकीचं आहे, कुणी करत असेल तर सोबतिणीनं हटकावं. बाळ आलं की आईला इंजेक्शन देतात, त्यानं रक्त कमी जातं. मग वार पडते.

ओरडली म्हणून टोमणे, आडनाव ऐकून बदललेला सूर, असे अनुभव बायका आम्हाला सांगतात. सगळीकडं असं नाही, मायेनं करणाऱ्या नर्सताईही आम्ही पाहिल्या आहेत. पण जिथं होईल तिथं वेळ, दिवस लिहून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडं लेखी द्या. बाळंतपण सुखरूप झाल्यावर द्यायलाही उशीर होत नाही.

पैशांचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी फुकट आहे. बाहेरून औषध आणा म्हणाले तर चिठ्ठीवर लिहून मागा. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात 700 रुपये अनुसूचित जातीच्या आईला मिळतात, दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी. "तुमच्या दाखल्यावर बौद्ध आहे, बसत नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. 1990 च्या कायद्यानं धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत 5000 रुपये येतात. त्यासाठी नोंदणी लवकर हवी, नववा महिना लागल्यावर नव्हे. दाखला, आधार, बाईच्या नावाचं बँक पासबुक आणि तपासणीचं कार्ड एका पिशवीत आठव्या महिन्यातच भरून ठेवा.

बाळंतपण झाल्यावर निदान 48 तास दवाखान्यातच राहा. "घरी करमत नाही" म्हणून नवरा घाई करतो, करू दे. अति रक्तस्रावानं जाणाऱ्या बहुतेक बायका पहिल्याच दिवसात जातात. कपडा तासाभरात पूर्ण भिजला तर लगेच सांगायचं. बाळाला तासाभरात छातीशी लावा. तो पिवळा चीक पिळून टाकायचा नाही, गुळाचं पाणी, मध चाटवायचं नाही. चीक म्हणजे बाळाची पहिली लस. बाळ निळसर पडलं, दूध ओढेना, अंग गार किंवा तापलेलं लागलं तर परत न्या. आजारी बाळावरचे उपचारही फुकट आहेत.

घरी आल्यावर बाळंतिणीला पाणी कमी, भात बंद, भाजी बंद हे प्रकार अजून चालतात. पूर्वी नव्हतं म्हणून उपाशी राहिली, आता असून कशाला ठेवायची? डाळ, भाकरी, अंडी, पालेभाजी, भरपूर पाणी, आणि लोहाच्या गोळ्या पुढं सहा महिने. पाचवीला सटवी नशीब लिहायला येते म्हणून रात्रभर जागण्यापेक्षा त्या रात्री आईला झोपू द्या. आणि दवाखान्यातून निघताना घरी सोडायची गाडी मागायला विसरू नका. बरेच जण भाड्याच्या जीपचे पैसे भरून येतात आणि मग आम्हाला विचारतात, ती गाडीसुद्धा फुकट असते का. असते.