टबाची जुनी तोटी बदलताना
अमेरिकेतल्या जुन्या घरांत शॉवर सुरू केल्यावरही टबाच्या तोटीतून धार लागून राहते, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा पाणी वर वळवणारी तोटीतली झडप झिजलेली असते आणि अख्खी तोटी बदलणंच सोपं पडतं. घराचं पाणी तोडावं लागत नाही. नळ घट्ट बंद असला की पुरे.

खरं काम ओळखण्याचं. तोटीच्या खालच्या अंगाला, भिंतीजवळ बोट फिरवून पाहा. खाच लागली तर आत षटकोनी चावीने सुटणारा बारीक स्क्रू असतो. ही तोटी अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपवर नुसती सरकवलेली असते. खाच नसेल तर ती बहुधा आट्यांची, डावीकडे फिरवा. पाइप जुना, लोखंडी, गंजलेला असेल आणि तोटी हलत नसेल, तर कृपा करून जोर लावू नका. भिंतीतला सांधा तुटला तर टाइल्स फोडाव्या लागतात. तिथे प्लंबरच हवा.

नवी तोटी आणण्याआधी भिंतीबाहेरच्या पाइपची लांबी मोजा. आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. कडेने सिलिकॉन भरताना खाली थोडी फट ठेवा, म्हणजे आत गळलंच तर पाणी बाहेर दिसेल.