घास आणि श्वास भेटतात कुठे?

सातवीच्या वर्गात शरीराचा पाठ सुरू करण्याआधी मी मुलांकडून एक चित्र काढून घेते. तपकिरी कागद जोडून जमिनीवर अंथरायचा, एकाने त्यावर उताणं झोपायचं, दुसऱ्याने खडूने त्याच्याभोवती रेघ मारायची. मग गटाने मिळून आतले अवयव भरायचे. पुस्तक उघडायचं नाही.

पचनसंस्थेची आकृती नावांसकट पाठ असलेली मुलंही इथे गळ्यापासून दोन नळ्या काढतात. एक जेवणाची, ती जठरात जाते. दुसरी पाण्याची, ती थेट मूत्राशयात. हृदय बदामाच्या आकाराचं, छातीच्या डाव्या कोपऱ्यात. फुप्फुसं म्हणजे दोन बंद पिशव्या. मेंदू वर कवटीत एकटाच. अवयव बहुतेक सगळे असतात, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट मात्र जवळजवळ कुणीच काढत नाही.

मी करंजाड्यात राहते. पनवेलला लागून असलेल्या सिडकोच्या या नोडमध्ये गावठाणातली जुनी घरं आहेत आणि सात-सात मजली सोसायट्याही. वर्गात आगरी घरातली मुलं आहेत, साताऱ्या-बीडकडून नोकरीसाठी आलेल्यांची आहेत, हिंदी बोलत मराठी शाळेत आलेली आहेत. चित्र मात्र सगळ्यांचं सारखंच येतं. तेव्हा दोष मुलांच्या हुशारीत नाही. आपण शिकवतो कसं, ते बघायला हवं.

आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत शरीर तुकड्यातुकड्यांनी येत आलं आहे. सहावीत हाडं आणि त्वचा, सातवीत स्नायू आणि पचन, आठवीत श्वसन आणि रक्ताभिसरण, नववीत उत्सर्जन, चेतासंस्था आणि संप्रेरकं. एवढा मोठा विषय एका वर्षात मावणार नाही, हे मान्य. पण सातवीत खाल्लेला घास आठवीत घेतलेल्या श्वासाला कधी भेटतो, हे कुणी सांगायचं? परीक्षेत ‘आकृती काढून नावे द्या’ हा प्रश्न येतो, आणि नावं दिली की गुण मिळतात.

म्हणून मी संस्थांपासून सुरुवात करत नाही, कबड्डीपासून करते. रायगड जिल्ह्यात कबड्डी समजावून सांगावी लागत नाही. वर्गातलं कुणीतरी गावच्या संघात असतंच. त्याला उभं करून विचारते, ‘चढाईला जातोस तेव्हा अंगात काय काय होतं, ते सांग.’ पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘बाई, दम लागतो.’ पाठ तिथूनच उलगडायचा.

दम का लागतो? मुलं म्हणतात, ऑक्सिजन संपतो म्हणून. खरं कारण बहुतांशी वेगळं आहे. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना हवा फक्त बाहेर जाते, आत येत नाही. पायांचे स्नायू जोरात काम करत असतात आणि त्यांनी तयार केलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात साठत जातो. मेंदूच्या तळाशी असलेलं मस्तिष्कपुच्छ हा बदल टिपतं आणि श्वासपटलाला हुकूम सोडतं: आत ओढ. चढाईतली ती तीसेक सेकंदं म्हणजे खेळाडूची इच्छा आणि मस्तिष्कपुच्छाचा हुकूम यांच्यातली झुंज असते. शेवटी हुकूमच जिंकतो. श्वास रोखून कुणी फार काळ बसू शकत नाही, ते यामुळेच.

मग एकेक धागा हाती येतो. रेषेपाशी उभं असतानाच छाती धडधडते, अजून पळायला सुरुवातही नसते. ते काम मेंदूचं आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचं. त्यांतून सुटलेलं अ‍ॅड्रेनलिन रक्तावाटे हृदयापर्यंत जातं आणि यकृतापर्यंतही. यकृत साठवून ठेवलेली साखर रक्तात सोडतं, आणि ती साखर म्हणजे आधी खाल्लेली भाकरी. आतड्यांकडे जाणारं रक्त कमी होऊन पायांकडे वळतं, म्हणून जेवल्याजेवल्या मैदानात उतरू नये असं घरची माणसं सांगतात. कातडीला घाम सुटतो, कारण स्नायूंनी तापवलेलं रक्त निवायला हवं. चढाई एकच, पण चार इयत्तांचा अभ्यासक्रम तिच्यात येऊन जातो.

हे सगळं ऐकवून भागत नाही, हाताला लागावं लागतं. नाडी बघायला मी टाचणीच्या चपट्या डोक्याला चिकणमातीचा बारीक गोळा लावते, तो मनगटावर जिथे ठोका लागतो तिथे टेकवते आणि टाचणीच्या टोकावर आगकाडी खोचते. हात बाकावर सैल ठेवायचा. क्षणभर काहीच होत नाही. मग काडीचं टोक किंचित डोलायला लागतं, ठोक्यागणिक एकदा. एरवी दंगा करणारा वर्ग त्या काडीकडे बघत गप्प होतो. पंधरा सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणायचे. बसून, मग मैदानाच्या रेषेवर शर्यतीसाठी उभं राहून, मग पळून आल्यावर. रेषेवरचा आकडा बसलेल्या आकड्यापेक्षा वाढलेला दिसला, की मेंदू आणि हृदय यांचा संबंध मुलांना त्यांच्याच वहीत सापडतो.

श्वसनासाठी प्लास्टिकची बाटली आणि फुगे पुरतात. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून अशी कितीतरी खेळणी करून दाखवली आहेत. शिक्षकांनी ती जरूर बघावीत.

माझ्या मते खरा धडा दोन संस्था जिथे भेटतात त्या जागेचा आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यात केशवाहिन्या. फुप्फुसांतल्या कोट्यवधी वायुकोशांभोवती केशवाहिन्या. मूत्रपिंडातल्या गाळणीत केशवाहिन्यांचाच गुंता. स्नायूच्या प्रत्येक तंतूलगत पुन्हा त्याच. घास आतड्यातून रक्तात उतरतो, श्वास वायुकोशातून रक्तात उतरतो, आणि दोघांची गाठ पडते ती पायाच्या स्नायूतल्या पेशीत, तंतुकणिकांमध्ये. तिथे ऊर्जा सुटते. उरलेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून परत फुप्फुसांकडे निघतो.

ही भेटीची जागा शोधायला माणसालाही वेळ लागला. इंग्लंडच्या विल्यम हार्वेने 1628 साली पुस्तक लिहून सिद्ध केलं, की हृदय रक्त ढकलतं आणि तेच रक्त फिरून परत येतं. त्याचा एक प्रयोग वर्गात जमतो. दंडाला रुमाल थोडा वेळ हलकाच आवळला, की हातावरच्या शिरा फुगतात आणि मध्येमध्ये गाठी दिसतात. त्या झडपा. एका बोटाने शीर दाबून धरायची, दुसऱ्या बोटाने रक्त वर, खांद्याकडे, पुढच्या गाठीपलीकडे सारायचं आणि ते दुसरं बोट उचलायचं. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही. पहिलं बोट उचललं की खालून भरतो. मुलांच्या हातावर शिरा नीट दिसत नाहीत, म्हणून हा प्रयोग मी घरी आजोबांच्या हातावर करायला सांगते, अर्थात त्यांना विचारून. पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, ते हार्वेला बघता आलं नाही. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या त्या 1661 साली. हार्वे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

आता त्या दोन नळ्यांकडे वळू. ‘बाई, पाण्याची वेगळी नळी नसेल तर लघवी येते कुठून?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याची मी वाट बघत असते. पाणी घासाबरोबरच आतड्यात जातं, तिथून रक्तात. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर जाऊ देतात, बाकी सगळं रक्तात परत. अंगात रक्तच मुळी पाचेक लिटर असताना 180 लिटर कसे? वर्गातलं कुणीतरी चाचपडत म्हणतं, ‘तेच तेच परत परत गाळत असतील.’ बरोबर आहे. हे उत्तर मी कधीही आधी सांगून टाकत नाही.

पाठ संपल्यावर मुलं त्याच कागदावर दुसऱ्या रंगाच्या खडूने वाटा काढतात. चित्र सुबक होत नाही, रेघांची गर्दी होते. मूल्यमापनाला मी तेच चित्र धरते आणि एकच प्रश्न विचारते: सकाळची भाकरी चढाई करणाऱ्याच्या पोटरीपर्यंत कशी पोहोचली, ते आठ-दहा ओळींत लिहा. पाठांतर इथे फारसं उपयोगी पडत नाही.

पाठ्यपुस्तकं घडवणाऱ्यांना माझी विनंती आहे. आठवीच्या पुस्तकात शेवटी एक पाठ असा द्या, ज्यात नवी संस्था नसेल, नवी व्याख्या नसेल. फक्त एक कृती असेल, धावणं म्हणा, जेवणं म्हणा, ताप येणं म्हणा, आणि तिच्यात शरीर एकत्र कसं राबतं ते असेल. तो पाठ येईपर्यंत शिक्षकांनी थांबायचं कारण नाही. दोन तासिका, एक घड्याळ आणि शाळेचं मैदान एवढ्यावर हे होतं.