सुरतेची खबर : बहिर्जी नाईक आणि १६६४ ची मोहीम

बहिर्जी नाईक यांचे नाव निघाले की मराठी वाचकाला फकीर, वासुदेव, गोंधळी अशी नाना सोंगे आठवतात. कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी ती घरोघरी पोहोचवली असली, तरी समकालीन साधनांत त्यांना फारसा आधार सापडत नाही. आधार आहे तो मोजक्या उल्लेखांना. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद यांनी लिहिलेल्या बखरीत, सुरत मारल्यास अगणित द्रव्य हाती येईल अशी खबर बहिर्जी जासुदाने आणली, असे नमूद आहे. जासूद म्हणजे बातमी काढणारा आणि ती जातीने पोहोचवणारा माणूस. त्याने सुरतेत नेमके काय पाहिले, हे बखर सांगत नाही. ते ताडून पाहायचे असेल, तर शिवाजी महाराजांच्या सैन्याने सुरतेत काय केले हे बारकाईने वाचावे लागते, कारण सैन्याच्या प्रत्येक हालचालीमागे आधी कोणीतरी केलेली पाहणी असते.

त्या वेळचे सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर, मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचे द्वार आणि इंग्रज, डच व्यापाऱ्यांच्या वखारींचे ठाणे होते. तापीकाठी सोळाव्या शतकातला भक्कम किल्ला होता, मात्र शहराभोवतीचा तट मातीचा होता आणि तो ओलांडणे कठीण नव्हते. त्याहून महत्त्वाची उणीव नजरेला सहज दिसणारी नव्हती. सुभेदार इनायतखान ५०० शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून उचलत असे, पण तेवढे शिपाई त्याने ठेवलेलेच नव्हते. मोगल राज्यात वाकेनवीस म्हणजे घडामोडींची लेखी नोंद दरबारी पाठवणारे अधिकारी, खुफियानवीस म्हणजे गुप्त बातमीदार आणि हरकारे म्हणजे निरोप व बातम्या पोहोचवणारे जासूद असे जाळे होते. तरीही ही चोरी चालू राहिली. जे दप्तरात नांदत होते ते शहराच्या वेशीवर नव्हते, आणि हा फरक वेशीवर उभे राहून पाहणाऱ्यालाच कळू शकत होता.

मोहिमेचा रस्ताही तितकाच बोलका आहे. नाशिक-त्र्यंबकच्या बाजूने जव्हार, रामनगर या डोंगराळ मुलखातून महाराजांचे सैन्य गणदेवीला उतरले, तोवर सुरतेला सुगावा लागला नव्हता. गणदेवी सुरतेपासून २८ मैलांवर, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. हा बादशाही हुकमावरून अहमदाबादेकडे निघालेला सरदार आहे, अशी हूल तेथे उठवण्यात आली. १६६६ मध्ये सुरतेला आलेला फ्रेंच प्रवासी तेव्हेनो तर असेही लिहितो, की महाराज स्वतः वेषांतर करून आधी शहर पाहून गेले होते आणि संशय येऊ नये म्हणून चौल व वसईच्या बाजूस छावण्या ठेवल्या होत्या. दोन वर्षांनी ऐकलेली ही गोष्ट जशीच्या तशी स्वीकारणे धाडसाचे ठरेल. मात्र ही चढाई आंधळेपणाने झालेली नाही, असे सुरतेच्या लोकांना तेव्हाच वाटत होते, एवढे तीवरून निश्चित दिसते.

सर्वांत ठोस पुरावा मात्र एका निरोपात आहे. इंग्रजांच्या पंचांगाप्रमाणे ५ जानेवारी १६६४ रोजी महाराजांनी सुभेदाराला कळवले, की हाजी झाहिद बेग, वीरजी व्होरा आणि हाजी कासीम या तिघांनी येऊन खंडणी ठरवावी, अन्यथा शहराची धडगत नाही. त्या काळच्या सुरतेत धनिकांची वाण नव्हती, पण अख्ख्या बाजारपेठेचा आर्थिक कणा असलेली ही तीन नावे नेमकी निवडली गेली. इनायतखान किल्ल्यात लपला आणि ६ जानेवारीला बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर मराठ्यांचा तळ पडला. लुटीतही निवड होती. फ्रेंच प्रवासी बर्निये याच्या म्हणण्याप्रमाणे डच वखारीच्या एका दिवंगत, दानशूर दलालाच्या घराला हात लावला गेला नाही. कोणाचे घर फोडावे हे कोणताही लुटारू ठरवतो, परंतु कोणाचे सोडावे हे ठरवण्यासाठी शहराची माणसे ओळखावी लागतात. बहिर्जींचे, किंवा त्यांच्यासारख्यांचे, खरे कसब सोंगात नसून या ओळखीत आहे.

पाहणी दुसऱ्या बाजूनेही चालू होती. सुवाळी बंदरावर उतरलेला अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज मराठ्यांच्या हाती सापडला आणि छावणीत कैदेत राहिला. सुटल्यावर त्याने तेथील व्यवहार वखारीत सांगितला. वखारीचा पाद्री एस्कालियट याने त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सांगण्यावरून, महाराजांची मध्यम उंची, ताठ व रेखीव बांधा, बोलताना चेहऱ्यावर येणारे स्मित आणि तीक्ष्ण नजर टिपली आहे. आज महाराजांच्या रूपाचा जो थोडासा समकालीन वृत्तांत उपलब्ध आहे, त्यातला हा मोलाचा भाग होय.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका ठिकाणी मुक्काम ठोकून राहणारे ‘संस्था’ आणि फिरते ‘संचार’ असे हेरांचे दोन वर्ग सांगितले आहेत आणि तिघांची बातमी जुळली तरच ती खरी मानावी असा नियम घातला आहे. मराठ्यांनी तो ग्रंथ वाचला होता असे म्हणण्यास आधार नाही. डोंगरवाटा, चौक्या, बाजार आणि माणसांचे स्वभाव यांच्या सततच्या सहवासातूनच हे ज्ञान आले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. त्याला वेळेचे भानही जोडलेले होते: मोगल फौज येत असल्याची बातमी लागताच १० जानेवारीला तळ उठला आणि ती फौज शहरात पोहोचली १७ तारखेला. ऑक्टोबर १६७० मधील दुसऱ्या स्वारीनंतर मात्र मोगल सैन्य परतीच्या वाटेवर आडवे आले आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीची लढाई उघड मैदानात द्यावी लागली.

वाटांच्या या ज्ञानाची मोठी कसोटी १६७९ मध्ये लागली. जालना लुटून परतताना संगमनेराजवळ मोगलांनी गाठले, सिधोजी निंबाळकर कामी आले आणि लुटीसह अडकलेल्या सैन्याला सुखरूप बाहेर काढण्याचे काम बहिर्जींवर येऊन पडले. रूढ वाटा सोडून, दिवसरात्र चालवत त्यांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर नेले. तेथील विश्रांतीमुळे त्या किल्ल्याचे नाव विश्रामगड पडले. सुरतेत ज्याने माणसे वाचली होती, त्याच जासुदाने येथे संगमनेराजवळच्या डोंगरांतील वाट वाचली, आणि सभासदाने या दोन्ही प्रसंगी त्याचे नाव आवर्जून लिहून ठेवले.