गोठ्यालगतचा कुत्रा : पशुपालकांचे काही नेहमीचे प्रश्न

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरीदाबाद येथील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला आणि २२ ऑगस्टला त्यात बदल केला. निर्बीजीकरण, जंतनिर्मूलन व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावयाची; रेबीज झालेली, तसा संशय असलेली वा आक्रमक कुत्री मात्र सोडावयाची नाहीत, असे सुधारित आदेशाचे स्वरूप आहे. यावरची चर्चा बहुतांशी शहरी वसाहतींपुरती राहिली. नजफगढ, झज्जर, सोनीपत या पट्ट्यातील म्हशींच्या गोठ्यांभोवती वावरणाऱ्या कुत्र्यांचा विचार तीत अभावानेच आला. आपल्याकडील वाड्यावस्त्यांवरही चित्र फारसे वेगळे नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असा, की चावलेला कुत्रा पिसाळलेला आहे किंवा नाही हे कळेपर्यंत थांबावे का? मुळीच थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जे करावयाचे ते लक्षणांपूर्वीच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद असे काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखमेतून रक्त आले असल्यास लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही आवश्यक असते, आणि नेमका हाच भाग अनेकदा राहून जातो. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, हे खरे. परंतु ते उपचार सुरू केल्यानंतर, उपचारांऐवजी नव्हे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची पद्धत केव्हाच मागे पडली असून आता दंडात चार-पाच मात्रा पुरतात. त्या जुन्या धास्तीने टाळाटाळ करणारी माणसे मात्र अजून भेटतात.

पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतो, हा समजही घातक आहे. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण होय. रेबीज झालेला कुत्रा पाण्याजवळ जाऊ शकतो. काही कुत्री तर चावत सुटण्याऐवजी जबडा लोंबलेल्या अवस्थेत कोपऱ्यात निपचित पडून राहतात.

जनावरांच्या बाबतीत धोका अधिक छुपा असतो. रात्री म्हशीच्या पायाला वा मुस्कटाला झालेला चावा सकाळी कोणाच्या ध्यानात येत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, ती चारा सोडते, लाळ गाळते, विचित्र आवाजात हंबरते. घशात काहीतरी अडकले असावे असे समजून मालक तोंडात हात घालतो. लाळेतून विषाणू हाताच्या बारीक खरचटीतून शरीरात जातो, आणि कुत्रा न चावताही माणूस रेबीजला बळी पडू शकतो. म्हणून लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात कधीही घालू नये, पशुवैद्यकास बोलवावे. अशा जनावराचे दूध वापरू नये, आणि कच्चे प्यायले गेले असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जनावर मेल्यास कातडे न काढता खोल पुरावे. चावा लगेच लक्षात आला, तर जखम धुऊन जनावरालाही लस देता येते.

रेबीजखेरीज आणखी एका गोष्टीकडे दुग्धव्यावसायिकांचे दुर्लक्ष होते. गाय किंवा म्हैस व्याल्यावर पडलेली वार उकिरड्यावर टाकली जाते व कुत्री ती खातात. निओस्पोरा नावाच्या परजीवीचे जीवनचक्र अशाने पूर्ण होते. कुत्र्याच्या विष्ठेने दूषित झालेल्या चाऱ्या-पाण्यातून तो पुन्हा गाभण जनावरात शिरतो व गर्भपात घडवतो. वार व गर्भपात झालेला गर्भ खोल पुरावा, चारा कुत्र्यांपासून झाकलेला असावा. शेळ्या-मेंढ्या कापल्यावर उरणारे कच्चे अवयव कुत्र्यांना घालण्याची सवयही मोडावी, कारण त्यातून फीतकृमीचा प्रसार होऊन माणसाच्या यकृतात व फुफ्फुसात गाठी होतात.

पाळलेल्या कुत्र्याला पहिली रेबीज लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढील मात्रा व दरवर्षी पुनर्लसीकरण, इतके तरी पाळावेच. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक, कुत्र्यास देऊ नयेत. जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध अंदाजाने कुत्र्यावर वापरणे हेही तितकेच धोक्याचे.

राखणीचा कुत्रा तापट हवा म्हणून त्यास दिवसभर साखळीला बांधण्याची रीत सर्वत्र आढळते. अशाने राखण सुधारत नाही. भेदरलेला, चावरा कुत्रा मात्र तयार होतो. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असताना त्यास माणसे, वासरे, ट्रॅक्टरचा आवाज यांची सवय लावावी. चांगल्या वागणुकीचे बक्षीस त्याच क्षणी द्यावे. मार दिल्याने काय चुकले हे त्यास उमगत नाही. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, असेही नाही. ताठ शरीर, रोखलेली नजर व उंच धरलेली हलती शेपूट हा इशारा असू शकतो.

जात कोणती घ्यावी? कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम, चिप्पीपराई व मुधोळ हाउंड या देशी जातींची नोंदणी केलेली आहे. मुधोळ हा नजरेने सावज टिपून धावणारा कुत्रा; मोकळे रान असेल तेथे तो शोभतो, गुरुग्रामच्या सदनिकेत नव्हे. अन् दाट केसांच्या परदेशी जातींना दिल्लीचा किंवा विदर्भाचा मे महिना सोसवत नाही, हे तर विकत घेण्यापूर्वीच दिसत असते.